रेनविंग आळशी असतात, असं कोण म्हणालं?

आजचा भाग मुलांच्या पुस्तकांबद्दल आहे, पण तो मुलं झोपल्यावर ऐकलात तर बरं. कारण त्यात थोडं आपल्यालाच ऐकून घ्यायचं आहे.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. आम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहतो, म्हणजे आपण सगळे म्हणतो तसं डीआयपीत. थंडीचे महिने ही इथल्या मुलांची खरी सुट्टी. मे-जूनमध्ये जी मुलं एसीखाली कोंडून घातलेली असतात, ती डिसेंबरात रात्री साडेआठपर्यंत बिल्डिंगखाली धुमाकूळ घालतात. त्या वर्षी खेळ एकच होता, ड्रॅगनचा. माझी लेक दहा वर्षांची. ती आणि तिच्या मैत्रिणी 'विंग्ज ऑफ फायर' नावाच्या पुस्तकांनी झपाटलेल्या. प्रत्येकीने एकेका जमातीचा ड्रॅगन व्हायचं, मग लढाया, तह, फितुरी, सगळं रीतसर. मी बाकावर बसून फोनवर बोलत होते आणि कानावर पडलं, "तू मडविंग. मडविंग ब्राउन असतात. तू ब्राउन आहेस ना!"

आवाज माझ्या लेकीचा होता. जिला ती हे सांगत होती त्या मुलीला आभाळातली लाल ड्रॅगन, स्कायविंग, व्हायचं होतं. ती काही बोलली नाही. चिखलातली ड्रॅगन झाली आणि खेळली.

लिफ्टमध्ये मी लेकीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "पण आई, ती आहेच ना ब्राउन? आणि तूच मला म्हणतेस, टोपी घाल, उन्हात काळी होशील."

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री तिच्या उशाशी पडलेलं पहिलं पुस्तक मी उचललं आणि पुढच्या दीड महिन्यात पहिली पाच वाचून काढली. लेकीने हे कुठून उचललं ते मला बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर ते पुस्तकातून आलं असेल अशी आशाही होती. ती आशा फार टिकली नाही.

ज्यांच्या घरात ही पुस्तकं अजून शिरलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालिका टुई सदरलंड या लेखिकेची, पहिलं पुस्तक २०१२ सालचं. आठ ते बारा वयाची मुलं वाचतात. चित्रांच्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. पिर्रिया नावाच्या खंडावर ड्रॅगनच्या सात जमाती राहतात: चिखलातले मडविंग, वाळवंटातले सँडविंग, डोंगरातले स्कायविंग, समुद्रातले सीविंग, पावसाळी जंगलातले रेनविंग, बर्फातले आइसविंग आणि रात्रीच्या रंगाचे नाइटविंग. सँडविंगच्या तीन बहिणींमध्ये गादीसाठी युद्ध पेटलंय, त्यात बाकीच्या जमाती ओढल्या गेल्यात. माणसंही आहेत, पण ती किरकोळ. ड्रॅगन त्यांना स्कॅव्हेंजर म्हणतात, म्हणजे उकिरड्यावरचं वेचून खाणारे. चिवचिव करणारे, चवीला बरे लागणारे दोन पायांचे प्राणी. पुस्तक वाचणारं पोर स्वतः माणूस असतं आणि पहिल्याच भागात त्याला कळतं की इथे आपण कुणाच्या तरी ताटातले आहोत. ही युक्ती मला फार आवडली.

भविष्यवाणी अशी असते की पाच पिल्लं हे युद्ध थांबवतील. त्यासाठी पाच अंडी गोळा करून पिल्लं एका गुहेत वाढवली जातात. पण त्यातलं स्कायविंगचं अंडं फुटतं, आणि ऐन वेळी त्या जागी एक रेनविंगचं अंडं आणून ठेवतात. त्यातून जी निघते ती ग्लोरी. भविष्यवाणीत तिचं नाव नाही आणि रेनविंग तर जगजाहीर आळशी. फळं खातात, झोपा काढतात, युद्धात कुणाच्या उपयोगाचे नाहीत. गुहेतले सांभाळणारे तिला हे रोज ऐकवतात. आणि ग्लोरीला खरंच दुपारी झोप येते! तिलाही वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. पुढे नाइटविंगांचा एक मोठा ड्रॅगन येऊन सांगतो की ही नको, तेव्हा तिला मारून टाकायचं ठरतं, आणि बाकीची चार पिल्लं तिला घेऊन पळतात.

तिसऱ्या भागात ग्लोरी पहिल्यांदा आपल्या लोकांच्या जंगलात पोचते. तिथे कळतं की रेनविंग भर दुपारी झाडांच्या शेंड्यावर पहुडतात, कारण ऊन हेच त्यांचं बळ आहे. ग्लोरीला गुहेत ऊन कधी मिळालंच नव्हतं. ती आळशी नव्हती, उपाशी होती.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं आणि सकाळच्या रस्त्याचा विचार करत बसले. आपल्या डीआयपीत एकीकडे ग्रीन कम्युनिटीतलं तळं आणि बंगले, दुसरीकडे कारखाने, गोदामं आणि कामगारांच्या वसाहती. मुलांची स्कूलबस आणि कामगारांच्या बसेस एकाच सिग्नलला थांबतात. बसमधून खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं दिसतात. त्यांच्याबद्दल आपल्या गाडीत काय बोललं जातं, आठवून बघा. "हे लोक बघावं तेव्हा झोपलेले." त्यांना पहाटे किती वाजता उठावं लागतं हे कुणी विचारत नाही.

लेखिका मात्र ग्लोरीवरच थांबत नाही, म्हणून पुस्तकं चांगली आहेत. जंगलातले रेनविंग एकेक करून नाहीसे होत असतात आणि त्यांच्या राणीला त्याची फिकीर नसते. म्हणजे ज्यांची निंदा होते ते सगळे गुणी, असा सोपा हिशोब इथे नाही. ग्लोरीला आपल्या माणसांचा रागही येतो आणि शेवटी ती स्वतःच राणी होते. नाहीसे झालेले रेनविंग सापडतात ते नाइटविंगांच्या कैदेत. नाइटविंग म्हणजे या जगातली सर्वांत बडी जमात: मनातलं वाचतात, भविष्य सांगतात, सगळे त्यांना घाबरून असतात. ते रेनविंगना साखळदंडात ठेवून त्यांच्या विषावर प्रयोग करत असतात, कारण त्यांना ते जंगल हवं असतं. चौथ्या भागात त्यांच्यातलंच एक पिल्लू, स्टारफ्लाइट, आपल्या लोकांच्या बेटावर जातं आणि त्याला दिसतं काय, तर ज्वालामुखीच्या राखेत उपाशी, आजारी पडलेली एक जमात. मनातलं कुणालाच वाचता येत नाही. भविष्य कुणालाच दिसत नाही. ज्या भविष्यवाणीवर सगळी मालिका उभी आहे तीसुद्धा बनावट. मोठेपणाची कथा त्यांनीच रचली, त्यांनीच पसरवली, आणि तिच्याखाली स्वतःचं मरण झाकून ठेवलं.

मग ज्वालामुखी फुटतो आणि नाइटविंगना जायला जागा एकच उरते, रेनविंगांचं जंगल. राणी ग्लोरी त्यांना आसरा देते, पण अट घालते: माझं राणीपद मानायचं. दहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात इतका अवघड प्रसंग क्वचित सापडतो. ज्यांनी छळलं त्यांनाच घरात घ्यायचं का? घेतलं तर कोणत्या अटीवर? माझी लेक म्हणाली, मी नसतं घेतलं. तिची मैत्रीण म्हणाली, मी घेतलं असतं पण पिल्लांनाच. दोघी अर्धा तास भांडल्या.

आणि ज्या मडविंगवरून हे सगळं सुरू झालं, त्यांचं काय? बाकीच्या जमाती त्यांना मंद समजतात, युद्धात पुढे ढकलायला बरे. पण पहिल्या पुस्तकाचा नायकच मडविंग आहे, क्ले नावाचा, आणि पाचही पिल्लांना धरून ठेवणारा तोच. हे माझ्या लेकीला पाठ होतं. पुस्तकातला धडा तिला कळला होता, आणि तरीही खाली जाऊन तिने रंग बघून जमाती वाटल्या. आता हे कोड्यात टाकणारं आहे. गोष्टी वाचून माणसं शहाणी होतात असं आपण गृहीत धरतो, पण मुलं पुस्तकातून जमातीही उचलतात आणि घरातून त्यांची उतरंड उचलतात.

या प्रकारच्या कथांची एक गोची आहे, ती मोठ्यांनी ओळखून ठेवायला हवी. पुस्तकातले आइसविंग आणि सँडविंग खरोखर वेगळे आहेत. एकाच्या तोंडून बर्फाचा झोत निघतो, दुसऱ्याच्या शेपटीला विंचवासारखी नांगी आहे. माणसांमध्ये असं काही नाही. ड्रॅगनच्या जमातींवरून माणसांचे वंश समजावायला गेलं की पोराच्या डोक्यात नकळत हेही बसू शकतं की माणसंसुद्धा आतून अशीच वेगवेगळ्या घडणीची असतात, फक्त आपण एकमेकांशी नीट वागायचं.

हे खोटं आहे हे दाखवण्यात एका मराठी बाईचा हात आहे, आणि ती बाई आपल्यासारखीच परदेशात जन्मलेली. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएच. डी. करायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळातले वंशशास्त्राचे बडे नाव. पुढे नाझींनी ज्या कल्पना उचलल्या त्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीचा. माणसाची कवटी डावी-उजवी अगदी सारखी नसते, आणि हा फरक गोऱ्या युरोपियनांमध्ये जास्त, म्हणून त्यांची बुद्धी जास्त, असं काहीसं सिद्ध व्हावं ही अपेक्षा होती. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहिलं की या फरकाचा आणि वंशाचा संबंध दिसत नाही. पंचविशीतली हिंदुस्थानी विद्यार्थिनी, परका देश, परकी भाषा, समोर असा प्राध्यापक. तरी मोजमापात जे निघालं तेच लिहिलं. मायदेशी परतल्यावर त्यांनीही महाराष्ट्रात जातीजातींची शरीरं मोजण्याचं काम बरंच केलं, आणि त्या पद्धतीवर आज टीका होते. तेही सांगायला हवं. पण बर्लिनमधला निष्कर्ष बदलत नाही.

दुसरी गोची आहे चेहऱ्याची. वंशभेदाची सगळी गोष्ट ड्रॅगनवर ढकलली की माणसांची पात्रं नेहमीसारखी गोरीच ठेवता येतात. निळा ड्रॅगन चालतो, काळा ड्रॅगन चालतो, काळा राजपुत्र आला की लोकांच्या कपाळाला आठ्या. २०२२ साली 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका आली (ती मोठ्यांची, मुलांना अजिबात दाखवू नका). त्यात एका धनाढ्य दर्यासारंगाच्या भूमिकेत स्टीव्ह टूसाँ हा कृष्णवर्णीय नट होता. त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. नंतर तो जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की उडणारा ड्रॅगन लोकांना पटतो, श्रीमंत काळा माणूस पटत नाही.

याआधी उर्सुला ली ग्विन यांनी हे भोगलं होतं. त्यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं. बेटांचं जग, जादूगार, ड्रॅगन. त्यांचा नायक गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे, आणि गोरे लोक आहेत ते दूरच्या बेटांवरचे लुटारू. ली ग्विननी हे गाजावाजा न करता केलं, इतकं की कित्येक वाचकांच्या ते लक्षातच आलं नाही. पण २००४ साली अमेरिकेत त्यावर दूरदर्शन मालिका निघाली तेव्हा गेड गोरा झाला. बाईंनी जाहीर लेख लिहून निषेध केला. ज्यांना थोरल्या मुलांसाठी पुस्तकं हवीत त्यांना अर्थसीची शिफारस करते. पुढच्या भागांत तर असं येतं की माणूस आणि ड्रॅगन एकेकाळी एकच लोक होते आणि मग वेगळे झाले.

अलीकडचं एक सांगते आणि पुढे जाते. २०२३ सालचं 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ', लेखिका मोनिक्विल ब्लॅकगूज. त्या स्वतः अमेरिकेतल्या वांपानोआग या आदिवासी समाजाच्या. गोष्टीतल्या बेटावरच्या आदिवासी मुलीला ड्रॅगनचं अंडं सापडतं. तिच्या लोकांसाठी हा आनंदाचा क्षण, पण त्या मुलखावर राज्य करणारे परके म्हणतात, आमच्या शाळेत ये, आमच्या रीतीने ड्रॅगन वाढव, नाहीतर पिल्लू मारून टाकू. मग त्या शाळेत तिचं बोलणं, कपडे, जेवण, सगळं कसं 'सुधारायचं' याची गोष्ट. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना द्या. इंग्रजी शाळेत मराठी आडनावाचा उच्चार चुकला की जी मुलं गप्प बसतात, त्यांना हे पुस्तक लगेच कळेल.

आता आजीकडे येते. माझी आई साताऱ्याची, थंडीत आमच्याकडे येते. दीड महिना घरात ड्रॅगन-ड्रॅगन चाललेलं तिने ऐकलं आणि एके रात्री नातीला विचारलं, हे ड्रॅगन म्हणजे नक्की काय गं? लेकीने चित्र दाखवलं. आजी म्हणाली, म्हणजे नागच की, पंख लावलेला. आणि मग तिने आस्तिकाची गोष्ट सांगितली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी रात्री झोपताना साप येऊ नये म्हणून आस्तिकाचं नाव घेत असत. नाव माहीत असतं, गोष्ट विसरलेली असते.

महाभारतात खांडववन नावाचं अरण्य आहे. पांडवांच्या वाट्याला आलेल्या मुलखातलं. ते कृष्ण आणि अर्जुन जाळतात. आत राहणारे नाग, पशू, पक्षी, जो बाहेर पडेल त्याला मारतात. तक्षक नावाचा नागराजा त्या दिवशी तिथे नसतो. त्याची बायको मुलाला वाचवायला धडपडते. ती मारली जाते, मुलगा निसटतो. या आगीतून मयासुराला जीवदान मिळतं आणि तोच पुढे पांडवांची ती प्रसिद्ध सभा बांधतो. दोन पिढ्यांनंतर अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मरतो. मग परीक्षिताचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो, पृथ्वीवरचा एकूण एक नाग आगीत टाकायचा असा यज्ञ. एकाने केलं, सगळ्यांनी भोगायचं. हे थांबवतो कोण? आस्तिक नावाचा तरुण. त्याची आई नाग, वासुकीची बहीण. बाप ब्राह्मण ऋषी. दोन्हीकडचा. जळणारे त्याच्या आईचे, जाळणारे त्याच्या बापाकडचे. आणि महाभारताची सगळी कथा सांगितली जाते ती याच यज्ञाच्या मांडवात.

लेक उठून बसली. "म्हणजे सनीसारखा!" सनी म्हणजे पाच पिल्लांमधली सँडविंग, जिला शेपटीची नांगी नाही, रंग वेगळा, म्हणून सगळे तिला अर्धवट समजतात. शेवटी कळतं की तिचा बाप नाइटविंग आहे, आणि युद्ध संपवण्यात तिचा हात मोठा असतो. आजीने सनी कोण ते विचारून घेतलं आणि म्हणाली, असणारच, दोन घरं बघितलेलं पोर आहे ते.

नाग म्हणजे साप की माणसं? हा प्रश्न मराठीत जितका गांभीर्याने विचारला गेलाय तितका फार थोड्या भाषांत असेल. वर ज्यांचं नाव घेतलं त्याच इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये खांडववनाच्या आगीकडे बघितलं. त्यांच्या मते हेतू जमीन मिळवण्याचा होता आणि नाग हे त्या जमिनीवर आधी राहणारे लोक. ज्या कृष्णार्जुनांना आपण पूजतो त्यांच्याबद्दल हे लिहायला धाडस लागतं. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ते आजही घरोघर आहे. बहुतेक घरी कपाटात, न उघडलेलं. आमच्याही.

त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त दशावतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या: वराह, नरसिंह, वामन हे चढाई करून आलेले आणि बळीराजा हा इथला, आपला. पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, जोतीरावांना दिसलं होतं की तिकडचा रंग आणि इकडची जात ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी भाषणात सांगितलं की दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं: नागपूर ही नाग लोकांची भूमी म्हणून. इतिहासकार यावर वाद घालतील, घालू देत. ज्यांना शतकानुशतकं गोष्टीतले राक्षस, साप, अस्पृश्य म्हणून हिणवलं गेलं, त्यांनी ती गोष्ट आपल्या हातात घेतली.

आणखी एक नाव सांगते, कारण आपल्या मुलांचं इंग्रजी आपल्या मराठीपेक्षा चांगलं आहे. अरुण कोलटकर, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे मुंबईचे कवी. २००४ साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी, त्यांचं 'सर्प सत्र' हे इंग्रजी काव्य प्रसिद्ध झालं. त्यात आस्तिकाची नाग आई आपल्या मुलाशी बोलते. यज्ञ मांडणाऱ्यांची बाजू आपण हजारदा ऐकलेली असते; इथे जळणाऱ्यांकडची एक बाई बोलते. कॉलेजात गेलेल्या मुलांना जरूर द्या. स्वतःही वाचा. छोटं आहे, पण एका बैठकीत वाचून झोप लागणार नाही.

आता व्यवहाराचं. अनेक पालक विचारतात, ही ड्रॅगनची पुस्तकं द्यावीत का? द्यावीत. पण 'विंग्ज ऑफ फायर'मध्ये मारामारी बरीच आहे, ड्रॅगन मरतात, जळतात, पहिल्याच पुस्तकात राणीच्या आखाड्यात कैद्यांना लढवून मारतात. आठ वर्षांच्या हळव्या मुलाला एकट्याला देऊ नका, शेजारी बसा. अकराव्या भागापासून दुसरं खंड येतं, तिथे एक जमात दुसरीला दुय्यम नागरिक म्हणून राबवते आणि तिसरी जमात संपवली असं शाळेत शिकवलं जातं. तो भाग नेटाने बोलत वाचण्यासारखा आहे. शिकवण देऊ नका, मुलं पळतात. मी फक्त एक प्रश्न विचारायला शिकले: हे असं आहे हे सांगितलं कोणी? रेनविंग आळशी हे कोणी सांगितलं? सांगणाऱ्याला त्यातून काय मिळत होतं? हा प्रश्न मुलांना इतका आवडतो की ती तो उलटून आपल्यावर मारतात. परवा जेवताना मी कुठल्याशा देशाच्या ड्रायव्हरांबद्दल काहीतरी बोलले. लेक वरणभात कालवत शांतपणे म्हणाली, "आई, हे कोणी सांगितलं?" नवरा हसला. मी नाही हसले.

या शहरात दोनशेच्या आसपास देशांचे लोक राहतात असं आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, स्थळं बघताना, बाळाच्या बारशाला, "रंग आईवर गेलाय की बाबांवर" हे कोणत्या सुरात विचारलं जातं तेही आपल्याला माहीत आहे. मी स्वतः 'काळी होशील' हे बोलणं बंद करायला किती वेळ घेतला ते सांगते. चार महिने, आणि अजून अधूनमधून तोंडातून निघतं. आता म्हणते, "टोपी घाल, डोकं तापेल." कारण खरं कारण तेच आहे.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. मी लेकीला माफी मागायला लावली नाही. तसं लावलं असतं तर ती माझी माफी झाली असती. आजीच्या गोष्टीनंतर आठवड्याने मी बाकावर बसले होते. जमाती वाटणं सुरू होतं. लेक त्या मैत्रिणीला म्हणाली, "तू कोण होणार, तू सांग."

ती जरा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, मडविंगच. पण क्ले. आणि आज सगळ्यांनी माझं ऐकायचं.